सरबतावर पडलेलं गाऱ्हाणं

भावाबहिणीने मे महिन्याच्या सुट्टीत दुकान टाकलं, एवढं वाचलं की पुढचं सगळं तुम्ही ओळखलं, हो ना? लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात असतं तसं. आधी दोघं भांडतात. मग भाऊ आजारी पडतो. बहीण त्याचं दुकान सांभाळते. शेवटी गळ्यात गळे, आई पदराने डोळे पुसते आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'मुलांनो, यावरून तुम्ही काय शिकलात?'

आधीच सांगून ठेवतो, आम्ही काही शिकलो नाही. गळ्यात गळे नाहीत. आजारी कुणी पडलं नाही. पडावं अशी माझी फार इच्छा होती, देवाकडे तसं मागूनही झालं, पण ते पुढे येईल.

आणि मालवणी मुलगा म्हणजे माशासारखा पोहणार, असं धरून बसला असाल तर तेही सोडा. मला पोहता येत नाही. आमचं सगळं खाडीच्या काठावर, कोरड्या जमिनीवर घडलं.

आमची वाडी खाडीच्या अलीकडे आणि जामसंडे पलीकडे. मधे पूल नाही, होडीने उतरायचं. होडी लागते त्या जागेला आमच्याकडे 'तर' म्हणतात. तरीवर एक जुनं उंडिणीचं झाड आहे, त्याच्या सावलीत माणसं होडीची वाट बघत बसतात. होडीवाला होडी भरल्याशिवाय दोरी सोडत नाही. त्यामुळे माणसं बसतात, बसतात, आणि बसतातच. धंदा करायला याहून चांगली जागा मुंबईतसुद्धा नसेल.

धंदा सुचला माझ्या बहिणीला. ती माझ्याहून मोठी, आणि ते ती मला विसरू देत नसे. त्या जूनपासून ती पलीकडे जामसंड्याच्या मोठ्या शाळेत जाणार होती आणि मी वाडीतल्याच शाळेत. घरात छत्री एक. शाळा दोन दिशांना.

आईने निकाल दिला, "छत्री झिलाक. चेडवाक इरला."

म्हणजे छत्री मला आणि ताईला इरलं. इरलं म्हणजे पानांचं आणि बांबूच्या कामट्यांचं टोपरं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकतं. लावणीच्या वेळी बायका वाकून काम करतात तेव्हा त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते घालून मोठ्या शाळेत जायचं म्हणजे...

"इरला घालून जामसंड्याच्या शाळेत?" ताई म्हणाली. "आये, थयसरची पोरां माका कासव म्हणतली!"

"म्हणांदेत. कासव भिजता काय?"

"तां पाण्यातच आसता गो!"

आईशी वाद घालून उपयोग नव्हता. ताईने दुसऱ्या दिवशी जामसंड्याला जाऊन एका दुकानात छत्री बघून ठेवली. बायकांची, छोटी, दांड्याला लाल गोंडा. दुकानदाराला सांगितलं, शाळा सुरू होईपर्यंत कुणाला देऊ नका, मी येते. तो म्हणाला, ठेवतो, पण शाळा सुरू झाल्यावर नाय हां ठेवायचा. मग ताईने घरचे रातांबे फोडले, साखर घातली, मातीची कळशी आणि चार पेले घेतले आणि उंडिणीखाली कोकमाचं सरबत विकायला बसली.

चाललं की हो ते! उन्हातून डोंगर उतरून आलेला माणूस, समोर खारं पाणी, आणि बाजूला थंडगार गोडं. तिच्या डब्यात पैसे पडायला लागले. नवे पैसे नुकतेच आले होते, म्हाताऱ्या माणसांना त्यांचा हिशोब लागत नसे, ते मूठ पुढे करायचे आणि म्हणायचे, घे गो बाय तुझा तू. ती बरोब्बर तेवढंच घेई. हे मला मुळीच आवडत नसे. इतकं प्रामाणिक माणूस घरात असलं की बाकीच्यांना त्रास होतो.

पण खरं दुखणं वेगळं होतं. तिची छत्री नवी येणार आणि माझ्याकडे ती जुनी, एक काडी मोडलेली, उघडली की एका बाजूने मान टाकणारी. म्हटलं, आपण पण दुकान टाकायचं.

माझ्याकडे विकायला काय? आवाज. होडीवाला प्रत्येक वाक्याआधी थुंकतो, तसा मी थुंकायचो. आमचे मास्तर नाकातून पुस्तकी मराठी बोलायचे, 'अरे, तुम्ही मनुष्य आहात की बैल आहात?' तसं बोलायचो. पाववाल्याचा पोंगा, मुंबईहून महिन्याभरासाठी येऊन मालवणी विसरलेला चाकरमानी, बोकड, हे सगळं माझ्या घशात होतं. उंडिणीच्या दुसऱ्या बाजूला दगडावर उभा राहिलो आणि नकला सुरू केल्या.

लोक पोट धरून हसले. होडीवाला स्वतःची नक्कल बघून थुंकायचा विसरला. हसून हसून सगळ्यांचे घसे सुकले, आणि घसे सुकल्यावर सगळे उठून गेले ताईकडे. त्या दिवशी तिची कळशी दुपारच्या आत रिकामी. मला एका आजीने केळं दिलं.

संध्याकाळी ताईने अगदी लाडाने दुसऱ्या दिवशीचं आमंत्रण दिलं, "फाल्या पण ये हां रे. आणि ता बोकडाचा जास्त वेळ कर."

मला झोंबलं. माझ्या बोकडावर तिची छत्री! नाही चालायचं. लोक ज्यासाठी गाठीला हात घालतील असं काहीतरी पाहिजे. रात्रभर नाही, जेवता जेवताच सुचलं.

गाऱ्हाणं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. गावचे मानकरी हातात नारळ धरून देवापुढे उभे राहतात आणि मोठ्या आवाजात देवाला म्हणणं सांगतात. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे आमचं पण हेच म्हणणं आहे, देवा. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं की 'बा म्हाराजा' असा खालच्या पट्टीतला आवाज कानावर आला की तोंड आपोआप उघडतं. तोंडात घास असला तरी.

आमच्या गावचे मानकरी आजोबा म्हणजे बारीक अंगाचे, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. तो आवाज मी काढायचो, पण घरात, गुपचूप. आता उघड काढायचा ठरवला.

पहिलं गिऱ्हाईक एक शेतकरी. बांधाच्या भांडणाची तारीख होती, कोर्टात चालला होता. तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "काकांनू, गाऱ्हाणा घालू? काय व्हयेत ते पैशे माका देवा."

"घाल रे बाबा. वकिलाक दिलंय, तुका दिल्यान काय मोडता?"

मी दगडावर चढलो आणि विहिरीतला आवाज काढला. "बा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू खाडी उतरान कोडतात जाता..."

"व्हय म्हाराजा!" सगळी तर ओरडली. कुणी ठरवून नाही. एक जण झोपला होता, तोही ओरडला.

"तेच्या वकिलाक बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या वकिलाक सर्दी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेतकरी हसत हसत होडीत चढला आणि जाताना मला भाजक्या काजूगरांची पुडी आणि वर एक नाणं देऊन गेला. मग काय, रांग लागली. कुणाला मुलाचा निकाल, कुणाला दाढदुखी, कुणाला मुंबईची मनिऑर्डर. तरीवर येणारा प्रत्येक माणूस काहीतरी काम घेऊनच येतो, आणि प्रत्येक कामात काहीतरी भीती असते. गाऱ्हाणं घातलं की माणसाचा चेहरा सैल व्हायचा. चेष्टा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पण इतकी माणसं आपल्यासाठी एकदम ओरडली की बरं वाटतंच.

ताईची कळशी भरलेलीच राहायला लागली. माणसं गाऱ्हाण्यात रंगली की सरबत कोण पिणार?

ती कळशीवर फडकं टाकून बसली. मी समजलो, हरली. मग एके सकाळी एक नवरा-बायको आपल्या मुलीला दाखवायला पलीकडे घेऊन चालले होते. मुलीच्या केसात अबोली, आईच्या हातात पिशवी, तिघंही घाबरलेली. मी सुरुवात केली, "बा म्हाराजा, ह्या चेडवाचा आज जमांदे रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, कळशीमागून, अगदी स्पष्ट, अगदी शांत आवाज आला.

"नाय म्हाराजा."

असं कुणी म्हणत नाही हो! मी माझ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मुलीच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती नवऱ्याला म्हणाली, "चला घराक. आज नाय." तिघं आल्या वाटेने डोंगर चढून गेली. माझं बोलणंही राहिलं आणि घेणंही.

त्यानंतर मी काहीही मागितलं की ताईचं शेवटचं 'नाय म्हाराजा' ठरलेलं. लोक माझ्याकडे यायला कचरू लागले.

"कित्याक म्हणतस तसा?" मी तिला विचारलं.

"देव सगळ्यांचा ऐकता ना? मगे माझा पण ऐकांदे."

म्हटलं, ठीक आहे, मग मी पण देवालाच सांगतो.

एक जण पलीकडच्या देवळात ठेवायला नारळ घेऊन चालला होता. त्याने खऱ्याखुऱ्या नारळासकट गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मी नारळ हातात धरून त्याचं म्हणणं देवाला सांगितलं. ताईने तिचं 'नाय' घातलं. तो माणूस चिडून तिच्याकडे बघायला लागला, आणि मी तो नारळ तसाच हातात धरून, त्याच आवाजात, पुढे सुरू झालो.

"बा म्हाराजा! ह्या उंडणीच्या मुळात बसान जी कोण सरबत विकता..."

"व्हय म्हाराजा!"

"जेच्यात साखर कमी आणि खाडीचा पाणी जास्त..."

"व्हय म्हाराजा!"

"तां सरबत जो कोण पियात, तेच्या पोटात अशी गुडगुड होऊंदे, की होडी मधल्या पाण्यात जाऊच्या आधी तेका परत फिरूचा पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ज्या माणसाच्या ओठाला पेला लागलेला होता, तोसुद्धा म्हणाला. म्हणाला आणि मग पेल्यात बघायला लागला. मग पेला हळूच खाली ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, पोराची चेष्टा, त्यात काय! चेष्टाच होती. पण नारळ खरा होता, आवाज मानकऱ्यांचा होता आणि होडीभर माणसांनी 'व्हय' म्हटलं होतं. गाऱ्हाण्याला आणखी काय लागतं? त्या क्षणी सगळ्यांना हे एकदमच कळलं. मलासुद्धा. नारळ माझ्या हातात जड लागायला लागला आणि मी तो घाईघाईने मालकाला देऊन टाकला.

ताईचं सरबत बंद पडलं. कुणी तिला वाईट बोललं नाही. उलट सगळे फार गोड बोलायचे.

"माका काय ता खरा वाटता असा नाय गो बाय," एक बाई म्हणाली. "पण होडीत बसूचा आसा."

ताईने सगळ्यांदेखत स्वतः एक पेला पिऊन दाखवला. तर तीच बाई म्हणाली, "तुका लागूचा नाय. तू घरचीच."

जून तोंडावर आला. जामसंड्याहून येणारा कुणीतरी सांगायचा, छत्री अजून टांगलेली आहे. ताई ऐकून घ्यायची आणि कळशीवरच्या माश्या वारायची. मी नकलाही करत नव्हतो, कुणी कर म्हणतही नव्हतं.

मग एके दिवशी ताईने कळशी उचलली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत मानकरी आजोबांच्या दारात नेलं. आजोबा खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत होते. तिने न रडता, न वाढवता सगळं सांगितलं.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "तूच काय रे माझो आवाज काढतस?"

मी भ्यालो. आणि मी भ्यालो की घसा जवळ सापडेल तो आवाज काढतो. "नाय रे बाबा," मी म्हणालो, थेट विहिरीतून, थेट त्यांच्याच आवाजात.

सासऱ्यांनीच हाक मारली समजून घरातून त्यांची सून ओरडली, "व्हय मामांनू, ठेवलंय चाय!"

आजोबांची सुपारी हातातच राहिली. हसले की नाही ते मिशीमुळे दिसलं नाही. म्हणाले, "आवाज माझो. तोंड तुझा. म्हणजे अर्धा गाऱ्हाणा माझ्यावर इला आणि अर्धा तुझ्यावर. सोडवूकव दोघांनीच व्हया. अर्धा मी बोलतलंय, अर्धा तू. पण तुझा तुझ्या आवाजात हां. परत माझो काढलंस तर परत माझ्यावर."

दुसऱ्या सकाळी ते काठी टेकत तरीवर आले. नारळ हातात घेतला. बोलले अगदी थोडं. पोरांचं पोरपण पदरात घे, बोललेलं न बोललेलं कर. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

आणि माझ्या लक्षात आलं की माझा स्वतःचा आवाज मला कधी लागलाच नव्हता. तोंड उघडलं तर बारीक, चिरका, भिजलेल्या कोंबडीच्या पिल्लासारखा निघाला. "बा म्हाराजा," मी म्हटलं, "ताईचा सरबत बरा आसा."

कुणी काही म्हणेना. त्या आवाजाला उत्तर द्यायची कुणाच्या तोंडाला सवयच नव्हती. होडीवाला थुंकला. मी परत म्हटलं, "खाडीचा पाणी तेच्यात नाय. मी खोटा सांगलंय. पिणाऱ्याक बरा वाटांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" एक खणखणीत आवाज आला. ताईचा. माझ्यावरच्या मायेने म्हणाली असं समजू नका, तिच्या डोळ्यांपुढे लाल गोंडा होता. पण तिच्या मागोमाग सगळी तर म्हणाली.

आजोबांनी पेला मागितला. घटाघट प्याले. दुसरा मागितला. तोही प्याले. मग ते काठीवर हनुवटी ठेवून बसले आणि होडीभर माणसं त्यांच्या पोटाकडे बघत उभी राहिली. होडीवाल्यालाही दोरी सोडायची घाई नव्हती. शेवटी आजोबांनी एक लांबलचक ढेकर दिला.

"साखर कमीच आसा गो," ते म्हणाले.

"साखरेचो भाव म्हायत आसा काय, आजोबांनू?" ताई म्हणाली आणि पेले विसळायला लागली, कारण आता माणसं तिच्याभोवती उभी होती.

शाळा सुरू व्हायच्या आधी तिची छत्री आली. गोंडा तिने आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. मला काय मिळालं? ती मान टाकणारी छत्री, आणि गाऱ्हाणं सोडवलं त्या दिवशीची आईची बोलणी.

आईच्या कानावर सगळं त्याच दिवशी गेलं. संध्याकाळी ती पडवीत रातांब्याच्या साली वाळवणातून गोळा करत होती. मला वाटलं, बहिणीच्या पोटावर पाय दिलास म्हणेल, देवाची चेष्टा केलीस म्हणेल. दोन्हीची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"ये हयसर," ती म्हणाली. "नारळ हातात होतो?"

"होतो."

"खरो?"

"खरो."

"माणसां खूप होती?"

"होडीभर."

"सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटल्यानी?"

"सगळ्यांनी."

आईने हातातलं सूप खाली आपटलं. "आणि मागलंस काय रे मेल्या? गुडगुड? होडीभर माणसां तुझ्यासाठी देवाक हाक मारूक तयार, हातात नारळ, तोंडात मानकऱ्याचो आवाज, आणि तुका मागूक गुडगुड गावली? तुझो बापूस दोन वर्सां मुंबयसून गणपतीच्या चवथीक येवक नाय, साहेब रजा देणा नाय. तां मागूक तोंड नाय झाला? म्हस व्याक झाली, तां नाय आठावला? लोकांच्या दाढो, लोकांचे निकाल, लोकांच्या वकिलांक सर्दी, सगळा मागलंस, घरातला एक सुदीक मागूक नाय! तोंड दिल्यान देवान, आणि तेच्या मागे काय ठेवल्यान, करवंटी? आता असो बघीत काय रवलंस माझ्याकडे? जा, पाय धू आधी!"